बंद कर ना गं

जळगाव, १३ जुलै

पूज्य महासती निरामयाजी म. सा. यांना रूपलची वंदना. धुळ्याचा चातुर्मास सुखात चालू असेल, गुरुणीजींची आणि आपली तब्येत ठीक असेल.

झालं. एवढं मम्मीने बाजूला उभं राहून लिहून घेतलं. आता ती स्वयंपाकघरात गेली आहे, तेव्हा खरं पत्र सुरू करते.

चेलना, तुझ्या दीक्षेला दोन वर्षं झाली, पण तुला 'आपण' म्हणायचं म्हटलं की अजून माझं डोकं फिरतं. तुझ्या वेण्या मी घातल्या आहेत, डोक्यातल्या उवा मी काढल्या आहेत. लोकांसमोर म्हणेन, हात जोडेन, वाकेन. पत्रात मला ते जमायचं नाही. मारवाडीत लिहिलं तर मम्मी वाचेल, म्हणून मराठीत लिहिते. मराठी ती फाडफाड बोलते, पण वाचायला बसली की दोन ओळींत तिचा चष्मा हरवतो. शिवाय आपण दोघी शाळेपासून भांडत आलो ते मराठीतच.

फोनला तू हात लावत नाहीस, कारण विजेत जीव मरतात. पत्राला उत्तर स्वतःच्या हाताने लिहीत नाहीस. आलेलं पत्र आधी धुळे संघाचे इंदरचंदजी फोडतात आणि तुझं उत्तर त्यांच्या अक्षरात येतं. तर इंदरचंदजी, जय जिनेंद्र. इथून पुढे बहिणी-बहिणींचं आहे. वाचायचं तर वाचा, पण तिच्या हातात देताना मधलं पान काढून ठेवू नका.

बातमी अशी की मी शिकायला लागले आहे. काय, ते घरात कुणालाच धड सांगता आलेलं नाही. पप्पा गिऱ्हाइकांना 'कॉम्प्युटरचा क्लास' म्हणून सांगतात. मम्मी 'म्युझिक' म्हणते आणि लगेच 'पण स्तवनं नाहीत' असं स्वतःच जोडते. नाव मोठं आहे, डिजिटल आणि इलेक्ट्रोअकूस्टिक संगीतरचना. काम असं, की पेटी नको, तबला नको, गळाही नको. कुठलाही आवाज रेकॉर्डरवर घ्यायचा, कॉम्प्युटरवर त्याला कापायचं, ताणायचं, उलटा करायचा, एकावर एक रचायचा, आणि त्यातून कुणी बसून ऐकेल असं काहीतरी उभं करायचं. दुपारपर्यंत मी पप्पांच्या भांड्यांच्या दुकानात असते, संध्याकाळी तिकडे जाते.

शिकवतात ते कुंदन सर. मूळचे सोनगीरचे, पुण्याला हेच शिकले आणि काय डोक्यात आलं म्हणून जळगावात येऊन बसले. क्लास पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत भरतो. गिरणी थांबली की शिकवणं सुरू, गिरणी चालू झाली की चहा.

पहिल्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटर उघडूच दिला नाही. गप्प बसा, जे ऐकू येईल ते कागदावर लिहा, म्हणाले. तुला माहीत आहे मी कशी बसते ते. शेवटी सगळ्यांनी आपापले कागद वाचून दाखवले. माझ्या शेजारच्या ज्योतीने लिहिलं होतं, 'रूपलचा पाय'. बाकीच्यांनीही लिहिलं होतं, 'रूपलचा पाय'. मी तो हलवतेय हे मला कळलंही नव्हतं. घरी येऊन मम्मीला सांगितलं तर म्हणाली, स्थळं अशीच परत जातात.

तू गेल्यापासून माझं असं झालंय. कुठेच बूड टेकत नाही. हे मी कुणाला सांगत नाही, तुला सांगितलं.

रूपल


जळगाव, २९ जुलै

वंदना.

इंदरचंदजींचं पत्र पोचलं. तू म्हणे फर्मावलंस की गप्प बसून ऐकायला लावणारे सर बरे दिसतात, सामायिकाला बसवतात तसंच आहे. खाली इंदरचंदजींनी स्वतःची भर घातली आहे की पत्र मोठ्या अक्षरात लिहावं. लिहिते. पण तू हसलीस की नाही, हे त्यांनी लिहायला हवं होतं.

आता ऐक, या पंधरा दिवसांत मला काय सापडलं ते.

आवाज कॉम्प्युटरमध्ये जातो म्हणजे त्याचे आकडे होतात. एका सेकंदाचे चव्वेचाळीस हजारांहून जास्त तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यापाशी हवा किती हलली त्याचं माप. पडद्यावर त्याची रेघ दिसते, वर-खाली थरथरणारी. ती मोठी करून बघितली की तिच्यात हवी तिथे कात्री घालता येते. मी दुकानातल्या ताटांचे आवाज घेऊन गेले होते. मोठी परात, पूजेची थाळी, डबे. सरांनी थाळीचा आवाज घेतला आणि त्याचं तोंड कापलं. म्हणजे चमचा थाळीवर आपटतो तो पहिला क्षण काढून टाकला आणि मागची नुसती घुमण ठेवली. मग वाजवलं आणि त्यांच्या अहिराणीत विचारलं, "हाऊ काय शे, सांगा."

कुणालाही सांगता येईना. ज्योती म्हणाली बासरी. कुणी शंख म्हटलं. मी तर ती थाळी स्वतः वाजवली होती, माझ्या पप्पांच्या दुकानातली, आणि मला ओळखता आली नाही. सर म्हणाले, आवाजाची ओळख त्याच्या सुरुवातीत असते, ती काढली की उरतं ते कुणाचंच नसतं. मी तिथून उठले आणि खाली गिरणीसमोर जाऊन उभी राहिले. मला एकदम तुझा दीक्षेचा दिवस आठवला. केस काढले, नाव काढलं, घर काढलं, आणि पांढऱ्या कपड्यात समोर आलीस तेव्हा मी तुला शोधत होते. समोर उभी असून शोधत होते. राग नको मानूस. मला तेव्हा बोलता आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. माझ्या जुन्या फोनमध्ये तुझा आवाज निघाला. दीक्षेच्या आधीचा उन्हाळा, गच्चीवर मुगाचे पापड वाळत घातलेत, मावशीला दाखवायला मी व्हिडिओ घेतेय. चित्रात नुसते पापड आहेत. पण मागे तू गुणगुणते आहेस, मग तुझं माझ्याकडे लक्ष जातं आणि तू हसत हसत म्हणतेस, "बंद कर ना गं, रूपल, बंद कर." दहा-बारा सेकंदांचं आहे सगळं. तुझे बाकीचे व्हिडिओ मम्मीने दीक्षेआधी पुसायला लावले होते, हा पापडांचा म्हणून राहिला.

ऑक्टोबरच्या शेवटी क्लासचा कार्यक्रम आहे. प्रत्येकाने आपली एक रचना हॉलमध्ये लोकांना ऐकवायची. मला ती या आवाजातून करायची आहे. दुसरं काही सुचत नाही, सुचू देतही नाही.

मम्मीला विचारलं. ती म्हणाली, साध्वीचा आवाज स्पीकरवर वाजवणार? लाज आहे का? मी म्हटलं तेव्हा ती साध्वी नव्हती, पापड वाळवत होती. त्यावर ती जेवली नाही.

म्हणून तुलाच विचारते. तुझा आवाज वापरू का? हो किंवा नाही, एक शब्द पुरे.

रूपल


जळगाव, १४ ऑगस्ट

वंदना.

इंदरचंदजी लिहितात, 'आपल्या प्रश्नाबाबत महासतीजींनी मौन ठेवले आहे.'

मौन. बरं. लहानपणी बोरं कुणी खाल्ली विचारलं की तू असंच मौन ठेवायचीस.

मी विचार करकरून थकले. तुम्ही साध्वी राहता त्या स्थानकाच्या खालून रोज भंगारवाला जातो, मी स्वतः ऐकलाय. त्याच्या हातगाडीवर भोंगा आहे, त्यात त्याच्या बायकोचा रेकॉर्ड केलेला आवाज. लोखंड, प्लास्टिक, जुनी पेटी. तेच तेच, दिवसभर. भाजीवाल्याचाही भोंगा आहे. समोरच्या घरात टीव्ही चालतो. ती सगळी वीज तुझ्या कानात जातेच ना? त्याचं तू काय करतेस? मग माझ्या दहा सेकंदांनी असं काय आभाळ कोसळणार आहे?

उत्तर येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. नाही थांबले. काम सुरू केलंय.

गेल्या रविवारी सर आम्हाला सावद्याला घेऊन गेले. केळी पिकवायच्या बंद खोल्या असतात तिथे, रायपनिंग चेंबर म्हणतात. आत गार अंधार, क्रेटवर क्रेट, आणि पंख्यांचा घोगरा, न तुटणारा आवाज. सगळे आत जाऊन पटकन बाहेर आले. मी आतच राहिले, रेकॉर्डर छातीशी धरून. तिथे माझा पाय हलत नव्हता. मालक बाहेरून ओरडला की बाई, दार किती वेळ उघडं ठेवता, माल बिघडेल. मग निघाले.

तो आवाज रचनेच्या तळाशी घातला. त्यावर थाळ्यांची कापलेली घुमण. मग तुझं गुणगुणणं घेतलं, सूर किंचित खाली ओढून पंख्यांच्या आवाजाशी जुळवलं आणि खूप ताणलं. ताणलं की गंमत होते. तुझं हसू ताणलं तर ते रडण्यासारखं लागतं. मी घाबरून हेडफोन काढले. मग परत लावले.

शेवटी तुझं वाक्य येतं, जसंच्या तसं, न ताणता, न कापता. 'बंद कर ना गं.' ते मी परत परत घातलं होतं, भंगारवाल्यासारखं, हळूहळू लांब जाणारं. सरांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मग म्हणाले सगळं चांगलं आहे, शेवट वाईट आहे. का, म्हणून मी भांडले. ते म्हणाले, तू ऐकणाऱ्याच्या तोंडात कोंबतेयस. एकदाच दे. त्याला आणखी हवंसं वाटू दे आणि देऊ नको.

मी म्हटलं, तुम्हाला काय कळतंय. आणि जिना उतरून आले. गुरूंना असं बोलले. पण मला तो आवाज एकदाच ऐकून कसा पुरणार, हे त्यांना कोण सांगणार?

परत विचारते. वापरू का?

रूपल


जळगाव, ३० ऑगस्ट

मिच्छा मि दुक्कडं.

संवत्सरीची क्षमा सगळ्यांनी सगळ्यांकडे मागायची, म्हणून मीही मागते. वर्षभरात मनाने, बोलण्याने, वागण्याने तुला दुखवलं असेल तर माफ कर. पुढच्या वर्षाचीही आत्ताच मागून ठेवते. इंदरचंदजी म्हणतील अशी आगाऊ क्षमा नसते. ठीक आहे, मागून तर ठेवली.

पर्युषणात आम्ही सगळे दर्शनाला आलो होतो ते तू पाहिलंसच. मला तुझ्याशी एक वाक्य बोलायला मिळालं नाही. इंदरचंदजींच्या घरी तू गोचरीला आलीस, मम्मीने खाकरे दिले, वहिनीने मूग दिले. मी भाताचं भांडं हातात घेऊन पुढे झाले आणि तू सगळ्यांना विचारतेस तसं मलाही विचारलंस, मोबाईल वगैरे अंगावर आहे का? माझ्या खिशात रेकॉर्डर होता. चालू होता. मी खोटं बोलू शकले असते. मी म्हटलं आहे. तू पात्र मागे घेतलंस आणि मम्मीने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. त्या घरात तुला वाढायला मी एकटी नालायक ठरले.

रेकॉर्डरवर काय आलं माहीत आहे? तुझा प्रश्न नीट आलेला नाही. भांड्याचा आवाज आलाय आणि माझा, 'आहे' म्हणतानाचा. मी तो पुसून टाकला. पुसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग दुपारी बायकांच्या चर्चेत मी मागून हात वर केला. सगळ्यांसमोर विचारलं, कारण एकटीला तू उत्तर देत नाहीस. मी विचारलं, महासतीजी, रस्त्यावरचा भोंगा आपोआप कानावर पडला तर साधूला दोष लागतो का? बायका हसल्या. तू हसली नाहीस. खाली बघत म्हणालीस, "कानावर पडलं त्याचा दोष नाही. ऐकावंसं वाटलं, थांबून ऐकलं, तर आहे."

मी परतीच्या सगळ्या रस्त्यात ते घोकत होते. पारोळ्याला सगळे चहाला उतरले, मी गाडीतच बसून राहिले. अर्हम भैयाने विचारलं, तुझं काय बिनसलंय? मी म्हटलं काही नाही, मला उत्तर मिळालंय.

रूपल


जळगाव, ६ ऑक्टोबर

वंदना.

काल मी धुळ्यात होते. तुझ्या दर्शनाला वर आले नाही. अर्हम भैयाला एका व्यापाऱ्याकडे कुकरची ऑर्डर द्यायची होती, मी सोबत आले. तो आत गेला आणि म्हणाला अर्धा तास लागेल. मी गाडी काढून तुझ्या गल्लीत आणून लावली. स्थानकाच्या खाली, निंबाच्या सावलीत, जिथे सगळे लावतात तिथेच. पार्किंगला मनाई नाही, पाटी बघितली.

काचा उघड्या होत्या, कारण ऊन होतं. लॅपटॉप गाडीच्या स्पीकरला जोडला, कारण रचना मोठ्या स्पीकरवर तपासून बघावी असं सरांनी सांगितलंय. हे सगळं खरं आहे. खोटं एवढंच की तपासायला मला जळगावात जागा नव्हती.

वाजवली. पूर्ण वाजवली. आधी पंखे घुमायला लागले तेव्हा समोरच्या दुकानदाराला वाटलं गाडी बिघडली, तो बॉनेटपाशी येऊन वाकून बघायला लागला. मग थाळ्या आल्या तेव्हा तो सरळ उभा राहिला. मग तुझा आवाज आला, ताणलेला. त्याच्या तोंडचा मावा तसाच राहिला. इंदरचंदजी काठी टेकत बाहेर आले, मला ओळखलं, आणि मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांनाही काय कळलं कोण जाणे, ते ओट्याच्या कडेला टेकले.

शेवट बदलला आहे. तुझं वाक्य आता एकदाच येतं. सरांचं ऐकलं म्हणून नाही, सत्तर वेळा करून बघितलं आणि मलाच ते पटलं म्हणून. 'बंद कर ना गं, रूपल, बंद कर.' आणि संपलं. भर दुपारी तुझ्या गल्लीत तुझा आवाज, हसणारा. इंदरचंदजी उठले आणि आत गेले.

मी वर पाहिलं. तुमच्या खोलीची खिडकी उघडी होती, पण ती दिवसभर उघडीच असते. उन्हातून आतलं दिसत नव्हतं. मी वाट पाहिली. तू येऊन खिडकी लावून घेतली असतीस तरी मला चाललं असतं, निदान ते तू माझ्यासाठी केलं असतंस. कुणीच आलं नाही. तेवढ्यात भैयाचा फोन आला.

मी तुला बोलावलं नाही, ऐक म्हटलं नाही, दाखवलं नाही. तुझ्या नियमात मी कुठेही मोडतोड केलेली नाही, हे नीट लक्षात घे. दोष लागलाच असेल तर मला लागू दे, माझ्या अंगावर तसाही बराच आहे.

ऐकलंस का? एवढंच कळव. आवडली का ते विचारत नाही.

रूपल


धुळे, ९ ऑक्टोबर

चेलना,

वंदना-बिंदना आज राहू दे. इंदरचंदजींच्या ओट्यावर बसून लिहितेय. ते माझ्याकडे पाठ करून बसलेत आणि म्हणालेत, हे पत्र मी फोडणार नाही.

काल सकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, महासतीजींनी तेला घेतलाय, तीन दिवसांचे उपवास, फक्त पाणी. आलोचना केली, म्हणजे आपली चूक कबूल केली, आणि गुरुणीजींकडून प्रायश्चित्त मागून घेतलं. मी विचारलं कशाबद्दल. ते म्हणाले, ते त्यांनाच ठाऊक, पण रविवारनंतर आहे, बाई.

मला इतका संताप आला की मी दुकानातली परात आपटली. पप्पा बघत राहिले. मला वाटलं, ही कसली शिक्षा देतेस तू मला? शिवी दे, निरोप धाड की रूपलला इथे पाय ठेवू देऊ नका. उपाशी राहायचं आणि ते माझ्या नावावर. मम्मी करते तेच. रात्रभर मी हे सगळं पाठ केलं होतं, तुला बोलून दाखवायला.

आज दुपारी तुझ्यासमोर आले तेव्हा त्यातलं निम्मं बोलले. तू भिंतीला टेकली होतीस, ओठ सुकले होते. गुरुणीजी बाजूला माळ घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, वाजवलं मी, गाडी माझी, हट्ट माझा, मग माझ्या चुकीसाठी तुम्ही का उपाशी?

तू म्हणालीस, "तुमच्यासाठी नाही."

मग गुरुणीजींकडे पाहिलंस. त्यांनी मान हलवली तेव्हा पुढचं बोललीस. मी तुझे शब्द आहेत तसे लिहिते, कारण माझ्याजवळ रेकॉर्डर नव्हता आणि मला ते विसरायचे नाहीत.

"मी पात्रं पुसत होते. आवाज आला, तो कशाचा ते कळलं नाही. मग कुणाचा ते कळलं आणि मी उठून खिडकीशी गेले, भिंतीच्या आड उभी राहिले. संपल्यावरही तिथेच होते. परत लावाल असं वाटलं. लावावं असं वाटलं."

तू हे बोलत होतीस तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं ते आता सांगते. मी गाडीत बसून वर बघत होते आणि तू तिथे होतीस. मी म्हणत होते कुणी आलं नाही, आणि तू आली होतीस, हातातलं टाकून आली होतीस. मी ते वाक्य दहा वेळा ठेवलं असतं तर तुझं पोट भरलं असतं, तू पात्रं पुसायला परत गेली असतीस. एकदाच आलं म्हणून तू उभी राहिलीस. सरांना हे कधीतरी सांगावं लागेल, कसं सांगू ते माहीत नाही.

मग मी उगाच, काहीतरी बोलायचं म्हणून, तोच जुना प्रश्न विचारला. तो आवाज वापरू का? या खेपेला तू मौन ठेवलं नाहीस. म्हणालीस, "ती तुमची बहीण होती. तिच्या आवाजाचं तुम्ही काय करायचं ते करा. फक्त इथे परत आणू नका. मी पुन्हा उभी राहीन."

गुरुणीजींची माळ थांबली होती. मी तुम्हा दोघींना ऐकू जाईल अशी रडले आणि उठून आले.

तर ठरलं. पंचवीस तारखेला जळगावच्या हॉलमध्ये रचना वाजेल, तुझ्यासकट. मम्मीला मी सांगेन, ती येईल किंवा जेवणार नाही, तिचं ती बघेल. धुळ्यात मात्र ती कधीच वाजणार नाही. मी काचा बंद करूनसुद्धा वाजवणार नाही. पुढचा चातुर्मास तुझा जिथे असेल तिथेही नाही. भंगारवाल्याचा भोंगा तुझ्या खिडकीखालून जाईल, टीव्ही चालेल, वरातीही जातील, पण माझ्या हातून तुला तो आवाज पुन्हा ऐकू येणार नाही.

आणि आता जे लिहिते ते वाचून मला काय म्हणायचं ते म्हण. तू दोन दिवस जेवली नाहीस, उद्याही जेवणार नाहीस, आणि मला आनंद झालाय. दोन वर्षांत झाला नाही एवढा. मी या ओट्यावर बसून रडले, मग मला स्वतःची लाज वाटली, सख्खी बहीण वर उपाशी आणि ही खाली खूश. तरी तो आनंद जात नाही. इंदरचंदजींनी पाणी आणून दिलं.

परवा पारणं आहे. आधी मुगाचं पाणी घे, थोडं थोडं. दूध लगेच घेऊ नको, तुझ्या पोटात कळ येते.

तुझी,
रूपल